देवाच्या नावावरचा पैसा

छत्रपती संभाजीनगरात खाम नदीच्या काठी, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याला लागून पाणचक्की आहे. शहराबाहेरच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून काही मैल चालवीत आणायचे, भिंतीवरून खाली सोडायचे आणि त्या पाण्याच्या जोरावर जाते फिरवायचे, अशी ती योजना. साधारण १७४४ च्या सुमारास ती उभी राहिली. त्या जात्यावर जे धान्य दळले जाई, ते दर्ग्याच्या आश्रयाला आलेल्या फकिरांसाठी, वाटसरूंसाठी आणि गोरगरिबांसाठी असे. आज तेथे सहलीला आलेली मंडळी पाण्याचा पडदा पाहतात, वडाच्या सावलीत बसतात आणि निघून जातात. ज्या कामासाठी हे सारे उभारले गेले, ते काम मात्र फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

आम्हांला त्या चक्कीविषयी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या काळी दर्ग्याला ज्याने धान्य दिले असेल किंवा जमिनीचे उत्पन्न लावून दिले असेल, त्याला आपल्या दानाचे काय झाले हे विचारण्यासाठी कोणाकडे जावे लागत नसे. पाणी पडत होते, दगड फिरत होता, पीठ निघत होते आणि ते कोणाच्या पदरात पडते हे चार पावलांवर उभे राहून पाहता येत होते. आज त्याच आवारात महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचे कार्यालय आहे. दगडाच्या जागी दप्तर आले. हा कोणा एका धर्माच्या संस्थेवरचा आक्षेप समजू नये. आमच्या धर्मप्रांतातही तेच झाले आहे आणि देवस्थानांतही तेच. दाता एका गावी, घेणारा दुसऱ्या गावी आणि मधली वाट कागदांची, असे झाले म्हणजे दान दिसेनासे होते. दिसेनासे झालेल्या गोष्टीवर विश्वास ठेवावा लागतो. तो का ठेवावा, कोणावर ठेवावा आणि तो मागण्याचा अधिकार कोणाला आहे, हा या लेखाचा विषय आहे.

आपल्या भाषेने या बाबतीत आपल्यासाठी मोठी सोय करून ठेवली आहे. इंग्रजीतला 'ट्रस्ट' आणि आपला 'विश्वस्त', दोन्ही शब्दांच्या पोटी विश्वासच आहे. पण विश्वस्त म्हणजे ज्याच्यावर विश्वास आहे तो, एवढेच आपण लक्षात ठेवतो. जे त्याचे नव्हे ते तो सांभाळतो, हा अर्थ मागे पडतो. धार्मिक संस्थेच्या बाबतीत हा विसर अधिक सहज पडतो, कारण तेथे पैसा देवाच्या नावावर जमा होतो. देव हिशेब मागायला कार्यालयात येत नाही. मग त्याच्या वतीने बसलेला मनुष्य हळूहळू आपणच धनी आहोत असे समजू लागतो, बहुधा नकळत आणि पुष्कळदा अगदी प्रामाणिकपणे.

येथे दोन वेगळे विश्वास एकमेकांत मिसळतात. फादर सच्छील आहेत, सिस्टर पहाटे चारला उठून प्रार्थना करतात, हा एक विश्वास. तो माणसाच्या शीलावरचा. आम्ही दिलेले शंभर रुपये ज्या कामासाठी दिले त्याच कामाला लागले, हा दुसरा, तो व्यवहारावरचा. पहिल्यावरून दुसरा आपोआप सिद्ध होत नाही. अत्यंत सच्छील मनुष्य हिशेबात ढिला असू शकतो. दवाखान्यासाठी आलेला पैसा शाळेच्या गळक्या छपराला लावून तो निर्धास्त झोपूही शकतो, कारण त्याने स्वतःसाठी एक पैसाही घेतलेला नसतो. ख्रिस्तसभेच्या कायद्याला हा मनुष्य चांगला ठाऊक आहे. म्हणूनच १९८३ च्या धर्मविधी संहितेच्या १२६७ व्या कलमात म्हटले आहे की, श्रद्धावंतांनी ज्या ठरावीक हेतूसाठी दान दिले, त्याच हेतूसाठी ते वापरता येते. चोरी करू नका एवढेच सांगून संहिता थांबलेली नाही. चांगल्या हेतूनेही वाट बदलू नका, असे ती बजावते.

हिशेबाची गोष्ट निघाली की कोणीतरी हटकून प्रभूच्या डोंगरावरील प्रवचनाचा दाखला देतो. उजवा हात काय देतो हे डाव्या हाताला कळू देऊ नये असे प्रभूने सांगितले आहे, मग फलकावर आकडे कशाला लावायचे? हा आक्षेप वरवर भाविकपणाचा दिसतो; पण त्यात एक गफलत आहे. प्रभू बोलतो ते दान देणाऱ्याविषयी. जो स्वतःचे देतो त्याने तुतारी वाजवू नये. दुसऱ्याने दिलेले जो वाटतो, त्याला ही मुभा नाही. आपले दान लपविणे हे नम्रतेचे लक्षण खरे, पण लोकांच्या दानाचा हिशेब लपविणे त्याच खात्यात घालता येत नाही. आमचा अनुभव तर असा की, पुष्कळ ठिकाणी हे नेमके उलटे चालते. देणाऱ्याचे नाव संगमरवरावर कोरले जाते आणि खर्चाची वही कपाटात राहते.

या बाबतीत संत पौलाचे वागणे पाहण्यासारखे आहे. यरुशलेममधील गरीब बांधवांसाठी त्याने मासेदोनिया, अखया, गलतीया या प्रांतांतील मंडळ्यांत वर्गणी जमविली. करिंथकरांस त्याने सांगितले की, आठवड्याच्या पहिल्या दिवशी ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे बाजूला काढून ठेवावे. पुढे तो म्हणतो की, तुम्ही ज्यांना पसंत कराल त्यांच्या हाती पत्रे देऊन ही देणगी पाठवीन. माझे जाणे योग्य वाटले तर मीही जाईन. ज्याला प्रभूचे दर्शन घडले होते, ज्याने मंडळ्या उभ्या केल्या, तो मनुष्य पैशाची थैली एकट्याच्या हाती ठेवायला तयार नाही. दुसऱ्या पत्रात तो तीताबरोबर आणखी एका बांधवाला पाठवितो आणि हा बांधव मंडळ्यांनी निवडलेला आहे हे मुद्दाम नमूद करतो. कारणही त्याने लपविलेले नाही. एवढी मोठी रक्कम हाताळताना कोणी बोट दाखवू नये. व्यवहार देवापुढे चोख असावा तसा माणसांपुढेही चोख असावा, असा त्याचा भाव आहे. 'देव जाणतो, मला माणसांची पर्वा नाही' असे म्हणण्याचा अधिकार जर कोणाला असेल, तर तो पौलाला होता. त्याने तो वापरला नाही.

आणि हे केवळ सावधगिरीपोटी झाले असेही नाही. त्याच पत्राच्या शेवटी असे दिसते की, करिंथमध्ये त्याच्याविषयी कुजबुज सुरू झाली होती. स्वतः काही घेत नाही, पण माणसे पाठवून युक्तीने काढून घेतो, असे काही लोक म्हणत असावेत. पौल रागावून त्यांना शाप देत नाही. मी पाठविलेल्यांपैकी कोणी तुम्हांला लुबाडले का, तीताने लुबाडले का, असे तो सरळ विचारतो. ज्याची वही उघडी आहे त्यालाच असा प्रश्न उलट विचारता येतो.

प्रेषितांच्या कृत्यांतील सहाव्या अध्यायाची कथा तर आपण दरवर्षी ऐकतो. पण तिच्यातील एक बारकावा प्रवचनात फार कमी वेळा येतो. ग्रीक बोलणाऱ्या यहुदी कुटुंबांतील विधवांना रोजच्या वाटपात डावलले जाते, अशी तक्रार उठली. बारा प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना कृतघ्न म्हटले नाही. त्यांनी सभा बोलाविली आणि सात माणसे निवडायला सांगितली. जी सात निवडली गेली त्यांची नावे पाहा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सारी ग्रीक नावे. म्हणजे ज्यांची तक्रार होती, वाटपाची किल्ली बहुधा त्यांच्याच माणसांच्या हाती दिली गेली. धर्मादाय कामाविषयी याहून धाडसी व्यवस्थापन आम्ही दुसरे पाहिलेले नाही.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. धार्मिक वृत्तीच्या व्यक्तीने चालविलेल्या समाजकार्यावर लोकांचा विश्वास कसा बसतो आणि कसा उडतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. त्या आमच्या कॅथलिक पंथाच्या नव्हत्या; १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा अँग्लिकन पंथात बाप्तिस्मा झाला. उच्चवर्णीय विधवांसाठी त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला नेले. पैसा अमेरिकेतून येत होता; बोस्टनमध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे मदत देण्याचे पत्करले होते. येथे सल्लागार मंडळ होते आणि त्यात न्यायमूर्ती रानडे व डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखी माणसे होती. सदनात धर्मशिक्षण दिले जाणार नाही, प्रत्येकीला आपला धर्म पाळण्याची मोकळीक राहील, अशी बोली होती. त्या बोलीवरच पुण्याच्या घरांनी आपल्या मुली रमाबाईंच्या स्वाधीन केल्या.

पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. 'केसरी'ने टीकेची झोड उठविली. ऑगस्ट १८९३ मध्ये सल्लागार मंडळाच्या सभासदांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

या वादात रमाबाईंची बाजू घेणे आम्हां ख्रिस्ती लोकांना सोपे जाते, आणि 'केसरी'ची बाजू घेणे दुसऱ्या कित्येकांना. आम्हांला मात्र दोन्ही बाजूंना काही खरे होते असे वाटते. रमाबाईंनी कोणावर बळजबरी केली नाही. आपली श्रद्धा दार लावून लपविणे त्यांना अप्रामाणिक वाटले, आणि तेही बरोबरच होते. पण दहा-बारा वर्षांची, घराने टाकलेली मुलगी, जिचे अन्न, वस्त्र, शिक्षण आणि माया हे सारे एकाच व्यक्तीकडून येते, ती त्या व्यक्तीच्या उघड्या दारातून आत जाते तेव्हा ती किती मोकळी असते? हा प्रश्न विचारणारा प्रत्येक पालक धर्मद्वेष्टा नव्हता. फसवणूक कोणी कोणाची केली नाही. 'धर्मशिक्षण नाही' या शब्दांचा पुण्याने एक अर्थ घेतला आणि रमाबाईंनी दुसरा. तो फरक पहिल्या दिवशी चारचौघांत बोलला गेला नाही. लोकांचा विश्वास अफरातफरीनेच तुटतो असे नाही, हे यावरून कळते. न बोललेल्या अटीनेही तो तुटतो.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि बायका आणल्या आणि केडगावला मुक्तिसदन उभे केले. तेथे त्यांनी सदनाचे ख्रिस्ती स्वरूप झाकले नाही. त्यावरही टीका झाली, पण आत काय चालते याविषयी निदान कोणाचा गैरसमज तरी राहिला नाही.

ही गोष्ट पुण्याची असली, तरी तिचा सल आम्हां मराठवाड्यातील ख्रिस्ती कुटुंबांना जवळून ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाच्या मिशनरी संघाचे फ्रेंच धर्मगुरू निजामाच्या मुलखातील या भागात आले. घोगरगाव हे त्यांचे केंद्र बनले आणि फादर गुरियन जाकिए यांचे नाव आजही गोदाकाठच्या गावांत आदराने घेतले जाते. त्याच सुमारास, १८९९-१९०० मध्ये, मराठवाड्यावर भीषण दुष्काळ कोसळला. माणसे पाला खाऊन जगली, जनावरे दावणीला मेली. त्या काळात मिशनने जे अन्न दिले, त्याची आठवण आमच्या आज्या-पणज्यांनी आम्हांपर्यंत पोचविली. त्याबरोबर एक टोमणाही पोचला. 'पोटासाठी बाटलेले' हे शब्द आमच्यापैकी किती जणांनी शाळेच्या अंगणात ऐकले असतील!

या टोमण्याचे उत्तर आम्ही बहुधा रागाने देतो. शांतपणे पाहिले तर त्यात दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. एक म्हणजे भुकेल्या माणसाचा अपमान. ज्याच्या पोटात अन्न नाही त्याला सदसद्विवेक नसतो, तो जे निवडतो ते भाकरीसाठीच निवडतो, असे त्यात गृहीत धरलेले आहे. गावकुसाबाहेरच्या मनुष्याला प्रथमच कोणी ओट्यावर बसविले, त्याच्या मुलाच्या हातात पाटी दिली, त्याच्या मेलेल्याला खांदा दिला, आणि त्याने त्या माणसाच्या देवाविषयी विचारले, तर तो विचार भुकेतून आला की सन्मानातून, हे बाहेरच्याने कसे ठरवावे? ज्यांनी शतकानुशतके विहिरीवर चढू दिले नाही, त्यांनी तरी हा प्रश्न जपून विचारावा.

दुसरी गोष्ट मात्र आमच्या बाजूची आहे आणि ती टाळता येत नाही. घेणारा जितका अगतिक, तितके देणाऱ्यावरचे बंधन कडक. उपाशी मनुष्य 'नाही' म्हणू शकत नाही. म्हणून त्याला 'हो' म्हणायला लावील असे काहीही त्याच्या ताटाशेजारी ठेवता कामा नये. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ सालच्या आपल्या पहिल्याच विश्वपरिपत्रकात हे स्पष्ट केले: प्रीतीचे कार्य हे धर्मप्रसाराचे साधन म्हणून वापरायचे नाही, प्रेम फुकट असते आणि दुसरे काही साधण्यासाठी ते करायचे नसते. देवाविषयी केव्हा बोलावे आणि केव्हा मौन पाळून केवळ प्रीतीला बोलू द्यावे हे ख्रिस्ती मनुष्याला कळले पाहिजे, असाही त्यांचा आशय आहे. हे वचन आपल्या शेजाऱ्यांना माहीत नाही याचे आम्हांला नवल वाटत नाही. आपल्याच धर्मग्रामांत ते फारसे माहीत नाही, याचे वाटते.

१९७२ च्या दुष्काळाची आठवण असलेली मंडळी आता साठी-सत्तरीच्या पुढे गेली आहेत. सुकडी, तांबडी मिलो ज्वारी आणि खडी फोडण्याची कामे हे शब्द त्यांच्यापुढे काढले की ती बोलू लागतात. त्या वर्षी ख्रिस्ती संस्थांनीही धान्य वाटले, विहिरी खोदल्या. रांगेत सर्व जातिधर्मांचे लोक होते. पण त्या साऱ्या कामात एक उणीव होती. माल परदेशातून यायचा, हिशेब परदेशात जायचा आणि गाव फक्त रांगेत उभे राहायचे. हिशेब नीट असला तरी तो गावाला दाखविण्याची कोणाला गरज भासली नाही. अहवाल दात्याच्या भाषेत लिहिले गेले. ज्याच्या नावाने पैसा आला त्याला ते वाचता येत नव्हते.

ही उणीव ज्यांनी ओळखली त्यांत स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर हरमान बाखर यांचे नाव घ्यावे लागेल. अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) सोशल सेंटरमधून त्यांनी अनेक वर्षे काम केले. नव्वदीच्या आरंभी भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला तो त्यांच्या प्रेरणेने. आणि १९९३ साली त्यांनी क्रिस्पिनो लोबो यांच्यासह 'वॉटर' ही संस्था स्थापन केली. जर्मन सरकारचा पैसा नाबार्डमार्फत येई. गावाने आधी स्वतः श्रमदान करून आपली तयारी दाखवायची, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी स्वीकारायची, ग्रामसभेतून पाणलोट समिती निवडायची आणि कामाचा पैसा त्या समितीच्या सहभागातील खात्यात यायचा, अशी रीत होती. सही करणाऱ्यांत गावचा मनुष्य असे. बांध कोठे घातला, किती घनमीटर माती निघाली, मजुरी किती गेली, हे ज्याच्या शेतात काम झाले त्याला दिसत होते. जालना जिल्ह्यातील कडवंची हे गाव याच कार्यक्रमातून आणि तेथील कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाखाली बदलले. आज तेथील शेततळी आणि द्राक्षबागा पाहायला लोक जातात. हे काम करणारी संस्था ख्रिस्ती नव्हती. एका कॅथलिक धर्मगुरूने ज्याला चालना दिली तो कार्यक्रम हिंदू कार्यकर्त्यांच्या हातांनी, सर्व धर्मांच्या शेतकऱ्यांच्या रानांत पार पडला, आणि बाखरबाबांच्या हेतूविषयी त्या गावांत कोणी शंका घेतल्याचे आमच्या ऐकिवात नाही. सात ग्रीक नावांची आठवण येथे व्हावी.

कायद्याकडे वळले पाहिजे, जरी हा भाग रुक्ष आहे. १९५० साली झालेल्या मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाने, ज्याला आता महाराष्ट्राचे नाव आहे, मंदिर, मशीद, चर्च, दवाखाना, शाळा अशा साऱ्या विश्वस्तव्यवस्थांना धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, लेखापरीक्षण आणि स्थावर विकण्यापूर्वी परवानगी बंधनकारक केली. या कायद्यातील एक शब्द आम्हांला आवडतो: 'हितसंबंधी व्यक्ती'. विश्वस्तांनाच तेवढे हे नाव नाही. देवळाच्या बाबतीत तेथे पूजेला येण्याचा ज्याला हक्क आहे, तोही हितसंबंधी धरला जातो. शेवटच्या बाकावर बसणाऱ्या आजीबाईंचा संबंध आहे, हे सरकारने मान्य केले. आपण अजून ते मनापासून मान्य करतो का?

परदेशी देणग्यांच्या कायद्याविषयी आपल्या लोकांत बरीच कटुता आहे. १९७६ चा मूळ कायदा, २०१० चा नवा आणि २०२० ची दुरुस्ती असा हा प्रवास आहे. शेवटच्या दुरुस्तीने सारा परदेशी पैसा दिल्लीतील स्टेट बँकेच्या एकाच शाखेत घ्यावा लागतो, कार्यालयीन खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आली आणि एका संस्थेने दुसरीला त्यातून पैसा देण्यास बंदी झाली. डिसेंबर २०२१ मध्ये मदर तेरेसांच्या धर्मभगिनींची नोंदणी नूतनीकरणावाचून अडली आणि जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा मिळाली, तेव्हा देशभर चर्चा झाली. शेवटच्या बंदीचा फटका खेड्यातील छोट्या संस्थांना बसला, ज्यांना दिल्लीपर्यंत हात पोचवता येत नाही. हे आम्हांला अन्यायाचे वाटते. संशय हाच कायद्याचा पाया झाला की प्रामाणिक माणसाचीही दमछाक होते. पण ही तक्रार करताना एक गोष्ट सोडून देऊ नये. आपली कामे दशकानुदशके परदेशी पैशावर चालली, म्हणून आपल्या धर्मग्रामांना ती कधी आपली वाटली नाहीत. ज्यात आपले दहा रुपये नाहीत, त्याविषयी कोणी दोन शब्द विचारीत नाही. आणि संस्थेवर बालंट आले की तिच्या बाजूने साक्ष द्यायलाही कोणी पुढे येत नाही, कारण आत काय चालते हे कोणाला ठाऊकच नसते.

धर्मादाय या शब्दाची पतही केवळ आपल्या हाती नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ठरविलेल्या योजनेनुसार २००६ पासून राज्यातील धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तरी २०२५ साली पुण्यात अनामत रकमेवरून एका गर्भवतीला दाखल करून घेतले गेले नाही आणि पुढे तिचा मृत्यू झाला, असा आरोप झाला, तेव्हा लोकांचा संताप सर्वच विश्वस्त रुग्णालयांवर उसळला. एकाच्या दारात घडलेल्या गोष्टीची झळ दहा दारांना लागते. डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅटिकनच्या न्यायालयाने लंडनमधील मालमत्तेच्या व्यवहाराशी संबंधित खटल्यात एका कार्डिनलना शिक्षा सुनावली. पुढे त्यावर अपील झाले. आम्हांपैकी काहींना त्या बातमीने शरम वाटली. आम्हांला तर थोडा धीरही आला, कारण कार्डिनलांनाही हिशेब विचारणारे न्यायालय ख्रिस्तसभेत आहे हे त्यातून जगाला दिसले.

आपल्या धर्मग्रामाचे काय? संहितेच्या ५३७ व्या कलमाने प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती आवश्यक केली आहे आणि १२८७ व्या कलमाने श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशेब श्रद्धावंतांना देण्यास सांगितले आहे. काही ठिकाणी हे चांगले चालते; वर्षातून एकदा मिस्सेनंतर जमाखर्च वाचला जातो. काही ठिकाणी समिती आहे, पण सभा नाही. आणि जेथे हिशेब वाचला जातो तेथेही, वाचकहो, किती जण ऐकत बसतात? समारोपाचे गीत संपताच आपण पटांगणात येतो आणि जे आत विचारायला हवे ते बाहेर, आवाज खाली करून, एकमेकांना विचारतो. 'फादरांना कसे विचारायचे?' या वाक्यात आपल्याला आदर दिसतो. आम्हांला त्यात निम्मा आळस दिसतो. प्रश्न विचारला तर उद्या समितीवर काम करायला सांगतील, ही भीतीही त्यात असते.

धर्मगुरूंच्या बाजूनेही हे समजून घेतले पाहिजे. एका मनुष्याने मिस्सा वाहायची, आजाऱ्याला तैलाभ्यंग द्यायचे, शाळेचे शिक्षक नेमायचे, विहिरीच्या मोटारीचे बिल भरायचे आणि दर काही वर्षांनी बदली झाली की सारे दुसऱ्याच्या हाती देऊन निघून जायचे. येणाऱ्याला जाणाऱ्याच्या वहीतील तीन ओळींचा अर्थ लागत नाही, आणि त्या तीन ओळींतून दहा वर्षे पुरेल एवढी कुजबुज जन्माला येते. अपहार कोठेच झालेला नसतो.

एका विषयावर मात्र आम्ही मुद्दाम थांबतो, कारण त्याविषयी कोणताच कायदा बोलत नाही. आजवर विश्वासाची जी चर्चा झाली, ती देणाऱ्याच्या विश्वासाची. दात्याला पावती हवी, सरकारला ताळेबंद हवा. ज्याला मिळते त्याच्या विश्वासाविषयी कोण विचारतो? नाताळच्या आधी घोंगड्या वाटल्या जातात. मंच असतो, पाहुणे असतात, विधवा बाईला नावाने पुकारले जाते, घोंगडीचे एक टोक तिच्या हातात आणि दुसरे पाहुण्यांच्या हातात असे धरून छायाचित्र घेतले जाते. छायाचित्र दात्याला पाठवायचे असते. तो हिशेबाचाच एक पुरावा आहे, असे आम्हांला सांगण्यात येते. म्हणजे देणाऱ्याचा विश्वास मिळविण्यासाठी घेणारीचा चेहरा खर्ची पडला. ती बाई पुढल्या वर्षी थंडीत कुडकुडत राहील, पण त्या मंचावर येणार नाही, अशी आम्ही पाहिलेली उदाहरणे आहेत. ज्या दानाने घेणाऱ्याला शेजाऱ्यापाजाऱ्यांत मान खाली घालावी लागते, त्याचा ताळेबंद चोख असूनही त्यात मोठी तूट राहून गेली आहे. यादी कोण करतो, शिफारशीची चिठ्ठी कोणाची चालते, मिस्सेला न येणाऱ्या कुटुंबाचे नाव यादीतून गळते का, हे त्या बाईला कोणत्याही लेखापरीक्षकापेक्षा अधिक ठाऊक असते. तिला कोणी विचारले तर.

पौलाला ही चिंता होती. रोमकरांस लिहिताना, वर्गणी घेऊन यरुशलेमला निघण्यापूर्वी, त्याने त्यांच्याकडे प्रार्थना मागितली. आपल्या जिवाच्या रक्षणासाठी एक, आणि दुसरी अशी की, आपण नेत असलेली ही सेवा तेथील पवित्र जनांना मान्य व्हावी. एवढा पैसा, निवडलेली माणसे, पत्रे, सारे सिद्ध असताना त्याला भीती वाटत होती ती घेणारे घेतील की नाही याची. परराष्ट्रीय मंडळ्यांचा पैसा यरुशलेमच्या यहुदी ख्रिस्ती बांधवांना स्वीकारार्ह वाटेल, अशी त्याला खात्री नव्हती. प्रेषितांच्या कृत्यांच्या एकविसाव्या अध्यायात तो यरुशलेमला पोचतो. बंधुजन आनंदाने त्याचे स्वागत करतात, दुसऱ्या दिवशी याकोब आणि सारे वडील जमतात, पौल देवाने केलेल्या कार्याचा एकेक तपशील त्यांना सांगतो. थैलीचा तेथे उल्लेख नाही. पुढे अटकेत असताना सुभेदार फेलिक्सपुढे तो ओझरते सांगतो की, आपल्या लोकांसाठी दानधर्म घेऊन मी आलो होतो. तो त्यांनी हाती घेतला की नाही, हे लूकने लिहून ठेवलेले नाही.